जाम नट: तेल मारायचं की आच द्यायची?

ऐरोली-वाशीला खाडीची खारट हवा आणि वर पावसाळा. उघड्यावर उभ्या गाडीच्या सायलेन्सरचे नट गंजून धरतात. आधी वायर ब्रशने आटे घासा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा मारून बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत उतरतं. सहा कोनी सॉकेटच (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) वापरा. बारा कोनी घसरतो, कोपरे गोल होतात. नट आधी जरासा आवळून मग सोडवायचा, हे बहुतेक जण विसरतात. घाई नसेल तर तेलच बरं. मात्र ब्रेक पॅड-डिस्कवर थेंबही नको.

ब्यूटेन टॉर्चची (ब्यूटेन गॅसवर ज्योत देणारं हातातलं साधन) आच लवकर काम करते. नट तापून फुगतो आणि पकड सुटते, म्हणून आच नटला द्या, बोल्टला नाही. पण आधी मारलेलं तेल पेट घेतं, ते पुसूनच टॉर्च लावा. पेट्रोल, सीएनजी किंवा ब्रेकची नळी, रबरी बुश (सांध्यात धक्के शोषणारा रबरी तुकडा) जवळ असेल तर टॉर्च नकोच. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्येही नको. तापवलेले नट-बोल्ट परत न लावता नवे घाला.