पत्रा, पफ पॅनेल की वीटकाम: ग्रीन सर्टिफिकेट हवं असलेल्या शेडसाठी काय घ्यावं?

एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता गच्चीवर पत्र्याचे दोन तुकडे ठेवा. एक बिनरंगाचा, चकाकणारा ॲल्युझिंक, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा. दुसरा पांढरा कलर कोटेड. अर्ध्या तासाने दोन्हींवर तळहात टेकवा. पांढऱ्यावर हात ठेवता येतो, चकाकणाऱ्यावरून झटकन मागे घ्यावा लागतो. चाकणच्या एका कारखानदारांना मी हा प्रयोग करून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "अहो, हा तर आरशासारखा चमकतोय. ऊन परत पाठवत असेल ना?"

पाठवतो. पडलेल्या उन्हापैकी जवळजवळ दोन तृतीयांश पाठवतो. पण उरलेली उष्णता एकदा पोटात गेली की हा पत्रा ती सोडायला महाकंजूष. रंगाचा थर उष्णता आकाशाकडे सहज टाकतो, उघडा धातू टाकत नाही. ग्रीन बिल्डिंगवाले जो एसआरआय (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स) आकडा विचारतात त्यात या दोन्ही गोष्टी धरलेल्या असतात: ऊन परतवणं आणि उष्णता सोडणं. प्रमाण काळ्या पृष्ठभागाला शून्य, प्रमाण पांढऱ्याला शंभर. नवा बिनरंगी ॲल्युझिंक साधारण पन्नास-साठच्या घरात येतो, चांगला पांढरा कलर कोटेड ऐंशीच्या आसपास, आणि एमआयडीसीत जिकडेतिकडे दिसतो तो आपला लाडका आकाशी निळा बहुधा चाळिशीच्या आत.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज. "आमचं पॅनेल लीड सर्टिफाइड आहे," असं सांगणारा विक्रेता आला तर चहा पाजा आणि परत पाठवा. लीड, आयजीबीसी किंवा ग्रिहा या हरित-इमारत मानांकनांचे शिक्के इमारतीला मिळतात, पत्र्याला नाही. वस्तूसाठी सीआयआय या उद्योग महासंघाचं ग्रीनप्रोसारखं वेगळं लेबल असतं. पत्रा फक्त गुण मिळवायला हातभार लावतो. लीडच्या चौथ्या आवृत्तीत एकूण ११० गुण असतात: ४० ला साधं प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. त्यात उष्ण बेटाचा परिणाम (बांधलेली जागा आजूबाजूपेक्षा जास्त तापणं) कमी करण्याचे, म्हणजे मुख्यतः छताच्या रंगाचे आणि पार्किंग-फरसबंदीचे मिळून, गुण २. ऊर्जाबचतीचे १८ पर्यंत. बैठकीत तासभर चर्चा मात्र छत पांढरं की निळं यावरच होते.

छत: रंग आधी पाहा, पण तिथेच थांबू नका

लीडच्या चौथ्या आवृत्तीत कमी उताराच्या छताला सुरुवातीचा एसआरआय ८२ किंवा तीन वर्षं ऊन-धूळ खाल्ल्यानंतरचा ६४ लागतो. जास्त उताराच्या छताला हेच आकडे ३९ आणि ३२. सीमारेषा आहे २:१२ उताराची (बारा फुटांत दोन फूट), म्हणजे साडेनऊ अंशांची. आता आपल्याकडच्या प्री-इंजिनिअर्ड, म्हणजे कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या शेडचा उतार किती असतो? वन इन टेन, दहा फुटांत एक फूट. म्हणजे सहा अंशांच्याही आत. डोळ्यांना ते उतरतं छप्पर दिसतं, नियमाच्या लेखी ते सपाट. निळ्या पत्र्याला ३९ चा निकष लावून हिशेब मांडलेले तक्ते मी पाहिले आहेत. ते सगळे पुढे फेटाळले गेले.

एका कामात याहून बारीक घोळ झाला. पुरवठादाराने दिलेला चाचणी अहवाल शुभ्र पांढऱ्या रंगाच्या कॉइलचा (पत्र्याच्या गुंडाळीचा) होता आणि साइटवर आला ऑफ-व्हाइट. उघड्या डोळ्यांना दोन्ही पांढरेच. कागद तपासणाऱ्याने बिलावरचा कलर कोड आणि अहवालातला कोड शेजारी ठेवले आणि विषय संपला. तोवर दीड महिना पत्रा छतावर बसलेला. तेव्हापासून मी परचेस ऑर्डरमध्येच कलर कोड आणि अहवालाचा क्रमांक लिहून घेतो.

रंगाच्या खाली काय आहे, हा खरा खर्चाचा आणि खरा गुणांचा प्रश्न. शेजारीशेजारी मांडतो. पफ पॅनेल म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेलं तयार पॅनेल, रॉकवूल पॅनेलमध्ये फोमऐवजी दगडी लोकर असते. ग्लासवूल म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर. यू-व्हॅल्यू म्हणजे दर चौरस मीटरमधून, एक अंश फरकाला, किती वॅट उष्णता आत शिरते तो आकडा. जितका कमी तितका बरा. हे माझे कागदावरचे हिशेब आहेत, सांध्यांची गळती त्यात धरलेली नाही.

| पर्याय | यू-व्हॅल्यू (अंदाजे) | दर चौ.मी. वजन |
|---|---|---|
| नुसता ०.५ मिमी पत्रा | ६ च्या आसपास | ५ किलोच्या आत |
| पत्रा + ५० मिमी ग्लासवूल | ०.७ (पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर, दबल्यावर याहून वाईट) | ६ किलो |
| पफ पॅनेल ५० मिमी | ०.४३ | १० किलो |
| पफ पॅनेल ८० मिमी | ०.२७ | ११ किलो |
| रॉकवूल पॅनेल १०० मिमी | ०.३८ | १८ किलोपासून पुढे |
| १५० मिमी आरसीसी स्लॅब, इन्सुलेशनशिवाय | ३ च्या वर | ३७५ किलो |

२०१७ च्या ईसीबीसी या इमारतींच्या ऊर्जाबचत संहितेत बहुतेक व्यावसायिक इमारतींच्या छतासाठी ०.३३ ची मर्यादा आहे. म्हणजे ६० मिमी पफ थोडक्यात हुकतो आणि ८० मिमी आरामात बसतो. शेवटच्या ओळीकडेही बघा. "स्लॅब थंड राहतो" हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावर झोपून पाहिलेल्या माणसाला त्या ३ चा अर्थ कळतो.

आकड्यांना जमिनीवर आणू. वीस हजार चौरस फुटांचं छत, आत एसी लावून २४ अंश. समजा निळ्या छताचा पत्रा दुपारी ६० अंशांपर्यंत तापला. खाली ५० मिमी ग्लासवूल असेल तर फक्त छतातून सुमारे तेरा टन एसीचा भार येतो. ८० मिमी पफ असेल तर पाच टन. आता छत पांढरं करा आणि पत्रा ४५ अंशांवर थांबला असं धरा: ग्लासवूलवाल्याचा भार आठ टनांखाली येतो, पफवाल्याचा तीन टनांवर. म्हणजे पातळ इन्सुलेशनवर पांढऱ्या रंगाने पाच टन वाचले, जाड पॅनेलवर दोनच. एसीच्या शेडमध्ये आधी जाडी वाढवा, मग रंगाचं पाहा. ऊर्जेचे १८ गुण जिथून मिळतात ते दार हेच.

एसी नसेल तर सगळं उलटं

गोदाम, फॅब्रिकेशन, असेंब्ली असं बिन-एसीचं काम असेल तर ८० मिमी पॅनेलचे पैसे ऊर्जेच्या गुणांत फारसे परत येत नाहीत. जिथे वीज खर्चच होत नाही तिथे वाचणार काय? तिथे पांढरा पत्रा, रिजवर (छताच्या माथ्यावर) सलग व्हेंटिलेटर आणि छताच्या काही टक्के भागात पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पट्ट्या हे त्रिकूट जास्त कामाचं. पट्ट्यांमुळे दिवसा दिवे बंद राहतात आणि नैसर्गिक प्रकाशाचे गुणही पदरात पडतात. फक्त पट्ट्यांचा मोह आवरा. जास्त टाकल्या की मे महिन्यात खाली काम करणारी माणसं पुठ्ठे लावून त्या झाकतात.

आणि भट्टी असेल, हीट ट्रीटमेंट असेल, तर जाड पॅनेलचं छत नुकसानही करू शकतं. आतली उष्णता रात्री बाहेर पडायला हवी असते, आपण तिच्यावर गोधडी पांघरतो.

बिन-एसीच्या शेडमध्येही मी नुसता पत्रा मात्र सुचवत नाही. एक कारण पावसाचा आवाज. जुलैत सर आली की मशीनपाशी उभ्या दोन माणसांना हातवाऱ्यांनी बोलावं लागतं. दुसरं कारण घाम. डिसेंबरच्या पहाटे पत्रा बाहेरून थंड पडतो, आतल्या दमट हवेचं पाणी त्याच्या पोटाला धरतं आणि थेंब थेट तयार मालाच्या खोक्यांवर. एका गोदामात "छत गळतंय" म्हणून स्क्रूचे सगळे वॉशर बदलून झाले. मिस्त्री शेवटी म्हणाला, "साहेब, पाऊस नाही तरी गळतंय, म्हणजे हे वरचं पाणी नाही." पातळ ग्लासवूलने दोन्ही त्रास बऱ्यापैकी आटोक्यात येतात, मात्र त्याला खालून ॲल्युमिनियम फॉइल नीट चिकटवलेलं हवं.

भिंती

भिंतीला एसआरआयचे गुण नाहीत, त्यामुळे रंग तुमच्या आवडीचा. तो निळा इथे मिरवा. इथली तुलना पॅनेल आणि वीटकाम किंवा एएसी (हलके, सच्छिद्र सिमेंटचे) ब्लॉक यांच्यात.

दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू २ च्या आसपास येते. २०० मिमी एएसी ब्लॉकची ०.७ च्या आसपास. ५० मिमी पफ पॅनेलची ०.४३. उष्णता अडवण्यात पॅनेल सरळ जिंकतं. शिवाय क्युरिंगला पाणी नाही, आणि उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या साइटला ही फार मोठी गोष्ट आहे. मापात कापून आलेलं असल्यामुळे कचरा कमी, तुकडे उरले तर पत्र्याला भंगारात भाव. बांधकाम-कचऱ्याच्या गुणांत हे दिसतं.

एएसीची बाजू दुसरीकडे भक्कम आहे. त्यात औष्णिक केंद्राची फ्लाय ॲश मोठ्या प्रमाणात असते, म्हणजे पुनर्वापरित घटकांचे गुण त्यालाही मिळतात. पुणे-नाशिकसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. तिथे बिन-एसीच्या ऑफिसमध्ये जड भिंत दुपारची उष्णता आत यायला उशीर लावते. पॅनेलला ते जमत नाही.

आणि फोर्कलिफ्ट. चालक कितीही सराईत असो, वर्षातून दोनदा तरी भिंतीला काटा लागतोच. एएसीचं टवका उडालेलं प्लास्टर भरता येतं, पॅनेलला पडलेलं भोक आयुष्यभर तुमच्याकडे बघत राहतं. म्हणून खाली तीन मीटर ब्लॉककाम आणि वर पॅनेल हा आपल्याकडचा जुना रिवाज मला अजून मोडावासा वाटत नाही.

पोलाद "हिरवं" किती?

"स्टील शंभर टक्के रिसायकल होतं" हे खरं आहे, पण गुण त्याचे नाहीत. तुमच्या कॉइलमध्ये आत्ता किती भंगार आहे, यावर हिशेब चालतो. लीडच्या मोजणीत वापरून झालेल्या वस्तूंचं भंगार पूर्ण धरतात, कारखान्यातल्या कापाकापीतलं निम्मं. विद्युत भट्टीच्या पोलादात भंगार जास्त असतं, झोतभट्टीच्या पोलादात कमी. आणि आपल्याकडचा पत्रा बहुतांशी झोतभट्टीवाल्या मोठ्या प्रकल्पांतून येतो. म्हणून मिलकडून लेखी टक्केवारी आणि पर्यावरणीय घोषणापत्र, म्हणजे ईपीडी, मागा. वितरकाच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही.

"स्थानिक माल" या शब्दातही खाच आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदला रंगवलेली कॉइल चाकणपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत येते, आणि लीडची मर्यादा १६० किलोमीटर आहे. पण लीडच्या चौथ्या आवृत्तीत खनिज काढणं, बनवणं आणि खरेदी हे तिन्ही त्या अंतरात लागतं. लोहखनिज सह्याद्रीच्या या कुशीत नाही. आयजीबीसीचे निकष वेगळे आहेत, त्यामुळे कुठल्या पद्धतीत नोंदणी करताय ते आधी ठरवा आणि मग नकाशावर कंपास फिरवा.

पफच्या फोमबद्दल एकच प्रश्न विचारा: फुगवायला कुठला वायू वापरलाय? ओझोनला घातक एचसीएफसी-१४१बी भारतात २०२० पासून बंद आहे. सायक्लोपेंटेन सांगितलं तर उत्तम. एचएफसी सांगितलं तर त्यातल्या काहींचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीच्या घरात असतो, हे लक्षात असू द्या. आणि आयुष्य संपल्यावर? साध्या पत्र्यासाठी भंगारवाला स्वतः टेम्पो आणतो. पफ पॅनेल पाहून तोंड वाकडं करतो, कारण चिकटलेला फोम सोलायचा कोणी.

आगीचा मुद्दा गुणपत्रिकेत ठळक दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम. पफ जळतो, पीआयआर (पफच्याच कुळातला सुधारित फोम) त्याहून बरा, रॉकवूल जळत नाही. रंग, सॉल्व्हंट, पॅकिंगचा पुठ्ठा असलेल्या विभागाला मी रॉकवूलच घेईन. जड पडतं, यू-व्हॅल्यूही मागे पडते, तरी तिथे गुणांची बेरीज करायची नसते. ऑर्डर देण्याआधी विमा कंपनीलाही विचारून घ्या.

मी काय घेईन

एसी असलेलं उत्पादन, औषधं, इलेक्ट्रॉनिक्स: ८० मिमी पीआयआर छत, वरचा पत्रा शुभ्र पांढरा, भिंती तीन मीटर ब्लॉक आणि वर ५० मिमी पॅनेल. बिन-एसीचं गोदाम: स्टँडिंग सीम (कडा उभ्या दुमडून जोडलेला) पांढरा पत्रा, खाली ५० मिमी फॉइल लावलेलं ग्लासवूल, रिज व्हेंटिलेटर, मोजक्या पट्ट्या. स्टँडिंग सीम महाग पडतं, पण सौर पॅनेलचे क्लॅम्प त्याच्या उभ्या शिवणीवर बसतात, छताला एकही भोक पडत नाही. वर सौर पॅनेल बसलेला भाग एसआरआयच्या हिशेबातून वगळला जातो, हा वरचा फायदा. नुसता चकाकणारा ॲल्युझिंक मी फक्त सायकल स्टँडला घेईन.

समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर, रत्नागिरीकडे असाल तर अलॉय कोटिंग एझेड १५० च्या (दर चौ.मी. १५० ग्रॅम ॲल्युमिनियम-जस्त) खाली जाऊ नका आणि रंग पीव्हीडीएफ, म्हणजे जास्त टिकणारा फ्लोरोपॉलिमरचा घ्या. चौदाव्या वर्षी बदलावं लागणारं छत कोणत्याच हिशेबात हिरवं बसत नाही.

पत्रा साइटवर उतरला की त्यावरची गार्ड फिल्म (ओरखडे टाळायला लावलेलं पातळ प्लास्टिक) त्याच आठवड्यात काढायला लावा. उन्हात महिनाभर राहिली तर ती रंगाला चिकटून बसते, पोरं ती खरवडायला पत्र्याचाच तुकडा वापरतात, आणि ८२ चा एसआरआय घेऊन आलेलं छत पहिल्याच दिवशी ओरखड्यांनी भरतं.