जंगली ब्लूबेरीचं बी: बियाणं चांगलं, पाकिटावरची माहिती चुकीची

शंभर बियांचं पाकीट, २४९ रुपये, ऑनलाइन मागवलेलं. पाचपैकी दोन तारे देतेय, आणि ते दोन्ही बियांना. विकणाऱ्यांना एकही नाही.

आम्ही बेळगावजवळच्या खानापूरचे, माझं माहेर जांबोटीकडचं. मे महिन्यात पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बायका बघतच मोठी झाले, त्यामुळे रानमेवा म्हटलं की माझा जीव अडकतो. आमच्याकडची माती तांबडी, पावसाने धुऊन निघालेली, म्हणजे आम्लधर्मी. ब्लूबेरीला तशीच लागते, सामू (पीएच) ४ ते ५.५ च्या आसपास. एवढं वाचलं आणि पाकीट मागवलं.

पाकिटावर छापलंय: अर्धा इंच खोल पेरा, १० ते १५ दिवसांत उगवेल. दोन्ही गोष्टी चूक. हे बी खसखशीएवढं असतं. अर्धा इंच मातीखालून वर यायला त्याच्यात ताकद कुठली? शिवाय उगवायला त्याला उजेड लागतो, त्यामुळे ते मातीवर नुसतं ठेवायचं, झाकायचं नाही. सगळ्यांत मोठी गोष्ट तर छापलेलीच नाही. हे थंड मुलखातलं बी. तिकडे फळ गळतं, बी बर्फाखाली हिवाळा काढतं आणि मगच जागं होतं. आपल्याकडे तो हिवाळा फ्रीजमध्ये द्यावा लागतो, साधारण ९० दिवस.

हे मला कळेपर्यंत निम्मं बी वाया गेलं होतं. दिवाळीनंतर पाकिटावरच्या सांगण्याप्रमाणे पेरलं, दीड महिना पाणी घातलं, कुंडीत शेवाळ तेवढं आलं.

उरलेल्या ५० बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात घातल्या आणि भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "करवंदाचं बी कोण फ्रीजात ठेवतंय काय गं? पाऊस पडला की आपसूक येतंय की ते." मी म्हटलं, "करवंद आपल्या मातीतलं हो आई, खरं हे परमुलखातलं." मग त्याच दर आठवड्याला आठवण करायला लागल्या, डबा उघडून बघितलास काय म्हणून. बुरशी दिसली की कागद बदलायचा, एवढंच काम. दोनदा बदलला.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कुंदा मिठाईच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात चार पाण्यांनी धुतलेलं कोकोपीट आणि कुजलेला पाला भरला. दातकोरणीचं टोक ओलं करून एकेक बी उचलून वर ठेवलं. झाकण लावून डबा सावलीत, उजेडाच्या खिडकीत. बत्तिसाव्या दिवशी सकाळी हिरवा ठिपका दिसला. टाचणीच्या डोक्याएवढी दोन पानं, देठ लालसर. मी सासूबाईंना हाताला धरून खिडकीशी नेलं. पुढच्या तीन आठवड्यांत १७ रोपं आली. ५० मध्ये १७ म्हणजे बी जिवंत होतं, म्हणूनच ते दोन तारे.

मे महिन्यात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तोच क्षार मातीचा आम्लपणा मारत होता. अशा मातीत लोह असलं तरी या मुळांना उचलता येत नाही. आठ रोपं गेली. मृगाचा पाऊस लागल्यावर पागोळ्यांखाली पिंप ठेवलं आणि फक्त तेच पाणी घातलं. नवीन पानं हिरवी आली. आता नऊ रोपं आहेत, बोटाएवढी.

विकणाऱ्यांवर माझा खरा राग पुढच्या गोष्टीसाठी आहे. पाकिटावर जात लिहिलेली नाही, बी कधीचं तेही नाही. खरी जंगली ब्लूबेरी, म्हणजे अमेरिकेतल्या मेन आणि कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाकडची गुडघ्याएवढी झुडपं, फळायला ७ अंशांखालची हजारभर तास थंडी मागतात. खानापुरात तेवढी थंडी कुठून आणायची? तिकडचे शेतकरीसुद्धा ही ब्लूबेरी बी पेरून लावत नाहीत. रानात आपोआप वाढलेले, जमिनीखालच्या खोडांनी पसरलेले ताटवेच ते राखतात. "कुठल्याही हवामानात भरघोस फळं" असं छापणं म्हणजे सरळ फसवणूक आहे. आमच्या शेजारच्या पोरीने खाऊचे पैसे साठवून हेच पाकीट घेतलं होतं, तिच्या कुंडीत काहीच आलं नाही. तिला माझ्यातली दोन रोपं दिलीत.

फळंच हवी असतील तर बियांच्या नादाला लागू नका. 'बिलॉक्सी'सारख्या कमी थंडीत फळणाऱ्या जातीचं तयार रोप घ्या. कुंडीत लावा, बोअरचं पाणी टाळा, शेणखत भरमसाट घालू नका. बी घ्यायचंच असेल तर आधी जात आणि वर्ष विचारा, उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका.

माझी सात रोपं मी ठेवणार आहे. दसऱ्यानंतर पाऊस थांबला की पाण्याची पंचाईत होईल, म्हणून दुसरं पिंप कालच आणलंय.