काखेतील पिवळे डाग: व्हिनेगर की हायड्रोजन पेरॉक्साइड?

नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात पांढऱ्या शर्टाच्या काखेत जो पिवळा, हाताला कडक लागणारा डाग पडतो, तो नुसत्या घामाचा नसून घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधील ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांच्या संयोगातून तयार होतो.

डाग ताजा किंवा कापड रंगीत असेल, तर पांढरे व्हिनेगर बरे; तेवढ्याच पाण्यात मिसळून अर्धा तास लावून ठेवले की क्षार सुटू लागतात आणि कापडाचा रंगही सहसा टिकतो. जुन्या, पिवळ्याजर्द डागापुढे मात्र ते अपुरे पडते. तेथे औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि खाण्याचा सोडा यांची पेस्ट जुन्या टूथब्रशने शिवणीलगत हलकेच चोळून अर्ध्या तासाने गार पाण्याने धुणे, हा उपाय माझ्या मते निःसंशय सरस आहे. पण तो पांढऱ्या सुती कापडापुरताच, कारण त्याने रंग उडू शकतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकत्र मात्र कधीही करू नयेत, कारण त्यातून त्वचेला व डोळ्यांना अपायकारक आम्ल बनते. क्लोरीनच्या ब्लीचने तर पिवळेपणा उलट वाढतो.

येवल्याच्या पैठणीवरील रेशमी ब्लाउजला दोन्हींपैकी काहीच लावू नये. तो ड्रायक्लीनिंगलाच द्यावा. डिओडरंट पूर्ण वाळल्यावरच कपडे घालावेत आणि डाग निघाल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने तो पक्का बसतो.