मुलीचा कराटे क्लास, पावसाळा आणि पहिली बेल्ट परीक्षा (रत्नागिरी)

क्लासचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारीही आहेत आणि गाव लहान आहे. लेक दुसरीत. जूनमध्ये घातली, शोतोकान शैली, शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळची बॅच.

आधी ड्रेसचं सांगते, कारण कोकणात सगळ्यात जास्त डोकं तोच खातो. जाड सुती ड्रेस दिसायला झकास. पंच मारला की बाही फटकन वाजते, पोरं त्यावरच खूश. पण जुलै-ऑगस्टात तो वाळतच नाही. पडवीत दोरीवर टाका, रात्रभर पंख्याखाली ठेवा, कमरेची नाडी ओली ती ओलीच. वर तो कुबट वास. शेवटी पातळ मिक्स कापडाचा दुसरा घेतला आणि सुटलो. सुतीच हवा असेल तर एक साइझ मोठा घ्या, धुतल्यावर आटतो.

शिकवणं मात्र चोख. सुरुवातीला मारामारीचं नावही नाही, नुसतं उभं राहायला शिकवतात. झेनकुत्सु दाची म्हणजे पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, दोन्ही टाचा जमिनीला. पाऊस उघडल्यावर सर एका रविवारी मुलांना भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. वाळूत मागची टाच उचलली की लगेच खड्डा दिसतो, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही. हॉलमधल्या फरशीवर महिनाभर जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तिथे शिरलं.

मला क्लास पटला तो वेगळ्याच कारणाने. गणपतीआधी एक बेल्ट परीक्षा झाली, तिचा फॉर्म सरांनी लेकीला दिलाच नाही. "पाय अजून तयार नाहीत, दिवाळीनंतर बघू." दोन-तीन आयांना राग आला, मुलं रडली. पण परीक्षेची फी वेगळी असते, म्हणजे सरांनी हातचे पैसे सोडले. जिथे भरती झाल्यावर दोन-तीन महिन्यांत सरसकट सगळ्यांना बेल्ट मिळतो, तिथे मी तरी मूल घालणार नाही. (गणपतीत हॉल ओस पडतो, अर्धी मुलं गावी. त्या दिवसांचे पैसे वळते होत नाहीत, हे आधीच विचारून घ्या.)

परीक्षा दिवाळीनंतर झाली. व्हाइटवरून यलो. आधी किहॉन, म्हणजे सुटे पंच, ब्लॉक (वार अडवणं) आणि किक, आकडे जपानीत: इच, नि, सान. मग काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली; तिचं नाव ताइक्योकु शोदान. एकूण २० हालचाली, आणि त्यात खालचा ब्लॉक आणि पाऊल टाकून पंच एवढंच. ऐकायला सोपं आहे. पण आठव्या हालचालीला ओरडून पंच मारला की पाऊण गिरकी घ्यायची असते, २७० अंशांची. निम्मी पोरं तिथेच चुकतात.

लेकही चुकली. वळली उलट्या बाजूला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शेजारच्या बाबांनी मोबाइलवर शूटिंग करता करता "डावीकडे, डावीकडे!" सुरू केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आवाज बंद. लेकीला कोणी काही सांगितलं नाही. तिने खाली स्वतःच्या पावलांकडे बघितलं, कुठला पाय पुढे आहे ते बहुतेक मनात मोजलं, मागचा पाय ओढून घेतला आणि बरोबर दिशेला ब्लॉक लावला. पुढचं सगळं धडाधड. सोळाव्या हालचालीचं ओरडणं तर हॉलबाहेर ऐकू गेलं असेल. माझ्या शेजारी तिचे आजोबा. "अगो, पण मारामारी केव्हा सुरू होणार?" म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. या पातळीला जोडीदाराबरोबर ठरवून दिलेले वार अडवण्यापलीकडे काही नसतं, ते बघून त्यांची निराशा झाली.

लेक पास झाली. मार्कांच्या कागदावर शेरा: "गुडघा आणखी वाकव." मला तो शेरा बेल्टपेक्षा आवडला.

खर्चाचं म्हणाल तर महिन्याची फी परवडते, पण प्रत्येक रंगाला परीक्षा आणि प्रत्येक परीक्षेला पैसे, हा हिशोब आधी मांडा. ब्लॅक बेल्टपर्यंत सहज काही वर्षं जातात. शोतोकानचे जनक फुनाकोशी यांनी १९२२ साली तोक्योत कराटे दाखवलं तेव्हा हे पट्टे नव्हतेच. ती पद्धत ज्युदोवाल्या कानोंची, आणि कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट फुनाकोशींनी दिले १९२४ मध्ये. आणि ऑलिंपिकच्या आशेने घालणार असाल तर तोक्योनंतर २०२४ च्या पॅरिसमध्ये कराटे नव्हतं, हेही ध्यानात असू द्या.

तक्रार एकच मोठी: सर्टिफिकेट अजून हातात नाही. विचारलं की "पुढच्या आठवड्यात". बेल्ट मात्र त्याच दिवशी मिळाला, आणि तो धुवायला टाकायला ती देत नाही.