पुण्याचे मोठे विद्यापीठ की सोलापूरचे आटोपशीर?

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात विभागांची आणि बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांची जी विविधता आहे, ती २००४ मध्ये स्थापन झालेल्या, एकाच जिल्ह्यापुरत्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात मिळणार नाही, हे आधीच मान्य करावे. मात्र पदव्युत्तर संशोधनाचा विषय सोलापूरचा यंत्रमाग किंवा सोलापूरजवळच्या नान्नजचे गवताळ माळरान असेल, तर अभ्यासक्षेत्र दाराशी असणे आणि लहान वर्गात मार्गदर्शकाचा वेळ मिळणे, यांचे मोल मला कितीतरी अधिक वाटते. घर सोलापुरात असल्यास खोलीभाडे आणि खानावळीचा खर्चही वाचतो. एका विद्यापीठातून दुसऱ्यात स्थलांतराचा अर्ज करण्यापूर्वी मात्र, आधी मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) नवे विद्यापीठ किती मान्य करणार, हे लेखी घ्यावे; वर्ष वाया जाणार की नाही, हे त्यावरच ठरते.