पडद्याचं ऑपरेशन: छेद कडेवर की आतून?

सेप्टोप्लास्टी, म्हणजे नाकाचा वाकडा पडदा सरळ करायचं ऑपरेशन, करायची ठरली की छेद कुठे घेणार हे सहसा कुणी विचारत नाही. मी विचारलं, कारण ‘हाड वाढलंय’ म्हणून ऑपरेशन झाल्यावर नाकच बसलेला एक माणूस नात्यात आहे. त्यांच्या नाकाचा शेंडा दाबला तर स्पंजासारखा आत जातो.

छेदाचे इथे दोन प्रकार. किलियन छेदात पडद्याच्या पुढच्या कडेपासून सेंटीमीटरभर आतून शिरतात. शेंड्याला आधार देणारी कड हलतच नाही. साहजिकच मला आधी हाच आवडला होता.

हेमिट्रान्सफिक्शनचा छेद थेट कडेवर, एका बाजूने. दोन नाकपुड्यांमधल्या खांबातल्या कूर्चा (मऊ हाडं) या कडेला धरून असतात. ती पकड थोडी सैल होते. दोन्ही बाजूंनी आरपार छेद घेतला तर आणखीच. टाक्यांनी कड परत बांधली नाही, तर शेंडा उतरण्याची भीती अगदीच खोटी नाही.

तरी मी हा एका बाजूचा, कडेवरचाच छेद घेतला, कारण माझं दुखणं कडेलाच होतं. आरशात मान वर केली की डाव्या नाकपुडीत पडद्याचा कोपरा डोकवायचा. रात्री बोटाने गाल बाहेर ओढून धरला तरच त्या बाजूने श्वास यायचा. डोळा लागला की बोट सुटायचं, तोंड उघडायचं, आणि पहाटे घसा कोरडाठाक. आठ वर्षं हेच. किलियनने मागचं सगळं सरळ झालं असतं, पण कोपरा तिथेच राहिला असता.

माझ्या मते खरी मेख छेदात कमी आणि आत किती पडदा ठेवतात यात जास्त आहे. वरची आणि पुढची मिळून एलच्या आकाराची किमान सेंटीमीटरभर रुंद पट्टी राखतात. नात्यातल्या त्या गृहस्थांचा पडदा भरमसाट काढला होता, असं नंतर कळलं. डॉक्टरांना आधी हे विचारा.

बाक फक्त मागे असेल, तर किलियन पुरेल बहुधा. माझं सांगायचं, तर तीन महिने शेंडा ताठ होता, हसताना वरचा ओठ ओढल्यासारखा व्हायचा. आता दाबला की परत वर येतो. जुना-नवा फोटो शेजारी धरला की मला तो किंचित खाली वाटतो, बायको म्हणते, “तुझं आपलं काहीतरीच.”