१३० मिमीची दुर्बीण, सोलापूरच्या गच्चीवर आठ महिने वापरून

चांद्रयान-३ उतरलं ना, २३ ऑगस्ट २०२३ ला, तेव्हापासून पोरगी मागं लागली होती दुर्बीण घे म्हणून, शेवटी ऑनलाईन मागवलीच. आरशाची आहे, १३० मिमीचा आरसा, ६५० मिमी फोकल लेंथ (म्हणजे आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर), ट्रायपॉड नाही, खाली गोल लाकडी बेस आहे त्यावरच फिरते. २२ हजारला पडली.

आधी खोक्यावर छापलेलं डोक्यातनं काढून टाका. ५२५ पट मोठं दिसेल असं लिहिलंय, पण एवढ्या आरशाला २६० पट म्हणजे हद्द झाली, तीही हवा शांत असेल तर. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, येतात, ६५० ला त्यानं भागायचं, म्हणजे २६ पट आणि ६५ पट, आणि चंद्राला एवढं बास होतंय. तिसरा जो बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जादाचं भिंग, देतात तो लावला की सगळं धुरकट, मी दोनदा लावला आणि ठेवून दिला. कुरिअरमध्ये आदळून आरशाचे स्क्रू सैल झालेले होते, विकणाऱ्याला फोन केला तर परत पाठवा एवढंच उत्तर, मग एका जुन्या डबीच्या झाकणाला मधोमध भोक पाडून त्यातनं बघत बघत आरसा सरळ केला, एक संध्याकाळ गेली पण जमतं, घाबरू नका.

आता सोलापूरची गोष्ट. उन्हाळ्यात स्लॅब इतका तापलेला असतो की रात्री दहापर्यंत गच्चीवरनं वाफा निघाल्यासारखी हवा हलते आणि चंद्राची कड उकळत्या पाण्यातनं बघितल्यासारखी थरथरते. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, गार होऊ द्या, आणि अकरानंतर बघा. प्लास्टिकच्या टेबलावर ठेवू नका, हात लागला की हलते, मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जुनी चादर चार पदरी घालून त्यावर ठेवते.

आणि पौर्णिमेला बघायला जाऊ नका. समोरून ऊन पडल्यामुळं सावल्याच नसतात, नुसता पांढरा गोळा दिसतो, डोळे दिपतात. बघायचं ते पंचमी ते दशमी, जिथं उजेड संपून अंधार सुरू होतो त्या रेषेवर. शेजारचे काका, सगळं आयुष्य टॉवेलच्या मागावर गेलंय त्यांचं, त्यांना एकदा सप्तमीला दाखवलं. बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "ताई, अंधारात हा एक ठिपका का चमकतोय?" तो डोंगराचा शेंडा होता, पायथ्याला अजून रात्र आणि टोकावर सकाळ झालेली. अर्धा तास थांबून परत बघितलं तर ठिपका जरा मोठा झाला होता. काका खाली जाऊन काकूंना घेऊन आले.

सगळे विचारतात चांद्रयान-३ चा लँडर विक्रम दिसतो का. नाही दिसत. लँडर जेमतेम दोन मीटरचा, आणि ह्या आरशाला चंद्रावरचं दीड-पावणेदोन किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं दिसत नाही. जमिनीवरनं कुठल्याच दुर्बिणीला तो दिसत नाही, त्याचे फोटो घेतले ते चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरनं, चंद्राभोवती फिरत फिरत. पण जागा दाखवता येते! आरशामुळं चित्र उलटं येतं, म्हणून दक्षिण ध्रुव वर शोधायचा, तिथं मॅन्झिनस नावाचं जवळजवळ १०० किमीचं विवर आहे, षष्ठी-सप्तमीला चांगलं उठून दिसतं, त्याच्या जरा पलीकडंच विक्रम आहे. पहिल्यांदा सापडलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

तिथं विक्रमनं जमिनीत थर्मामीटर खुपसला होता. वर पन्नासच्या पुढं तापमान आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे १० च्या आसपास. आमच्या स्लॅबची उष्णता झिरपून खालच्या खोलीत रात्रभर छळते, आणि तिथं चार बोटं खाली हिवाळा, कारण तिथली धूळ भुसभुशीत आहे आणि कणांच्या मधे हवाच नाही, मग उष्णता खाली जाणार कशी. पोरीला हे गच्चीवर चप्पल काढायला लावून सांगितलं, पुस्तकातनं तिला इतकं पटकन कळलं नसतं.

अजून एक सांगते. काळे डाग दिसतात ना, ते लाव्हाची मैदानं आहेत. त्यांच्यावर विवरं थोडी, आणि बाजूच्या पांढऱ्या भागात खच्चून भरलेली. जितकी विवरं जास्त तितकी जमीन जुनी, शास्त्रज्ञ खरंच अशी विवरं मोजून वय काढतात, आणि ते बरोबर आहे का हे अपोलोनं आणलेल्या ३८२ किलो दगड-मातीवरनं ताडून घेतलंय. चीनच्या छांग-अ ५ नं २०२० मध्ये जी माती आणली ती तर फक्त दोन अब्ज वर्षांची निघाली, बाकीच्या मैदानांच्या मानानं तरुण. हा फरक ६५ पटीत आपल्या डोळ्यांनी दिसतो, त्याला मोठी दुर्बीण लागत नाही.

ग्रहांचं थोडक्यात. गुरूचे चार चंद्र पहिल्या रात्रीच दिसले, जानेवारीत आमच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर रोज त्यांच्या जागा वहीत टिपल्या, दोन-तीन तासांत सरकलेले कळतात. शनीची कडी मात्र मी बघितली तेव्हा बारीक होती, मार्च २०२५ मध्ये ती आपल्याकडं बरोबर धारेवर आली होती, हळूहळू उघडत जाईल तसं चांगलं दिसेल. मंगळावर फार काही बघायला मिळेल ही आशा धरू नका, तांबूस टिकली दिसते.

पाचपैकी चार देते. एक कापला तो खोक्यावरच्या ५२५ साठी आणि पॅकिंगसाठी. नेम धरायला वर लाल ठिपक्याचा फाइंडर असतो, तो वापरून झाल्यावर आठवणीनं बंद करा, नाहीतर बटणासारखा सेल दोन दिवसात संपतो, एक जास्तीचा आणून ठेवा. आरसा पुसत बसू नका, आपल्याकडं धूळ बसणारच, झाकण लावून तोंड खाली करून ठेवा.